लेकीचं इसब: मलम किती, पथ्य किती?

रानजाई (नाशिक)
लेक साडेचार वर्षांची आहे. तान्ही असताना गालांवर खरखरीत चट्टे यायचे. आता कोपरांच्या आतल्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घडीत येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी अटोपिक डर्माटायटिस म्हणजे इसबच आहे असं सांगितलंय. दिवाळी सरून थंडी पडली की रात्रभर खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. चट्टा भडकला की लावायला स्टेरॉइडचं मलम आणि एरवी रोज लावायला मॉइश्चरायझर दिलंय. खाण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "सगळं खाऊ दे."

घरात मात्र पथ्यांची यादी वाढतच चाललीये. सासूबाईंच्या मते वांगं, दही, आंबट बंद. आईच्या मते दूध आणि अंडी बंद. नणंदेच्या ओळखीच्या एकांनी गहूही सोडायला सांगितलाय. पोरगी आता वरण-भात-तूप आणि सफरचंदावर आहे. वजनाचा काटा हलेना. सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर, म्हणून भांडावंसंही वाटत नाही.

दोन गोष्टी सांगा. मॉइश्चरायझर नेमकं किती आणि कसं लावता? आणि इसबाचा खाण्याशी खरंच किती संबंध असतो?

चिंचेचं_पान
दूध बंद करून बघा. आमच्या पुतण्याला फरक पडला होता.

पळसफूल (अकोला)
माझा मुलगा आता कॉलेजात आहे, पण त्याचं सगळं लहानपण याच्यात गेलं. विदर्भातली थंडी किती कोरडी असते ते इथल्यांनाच माहीत. आधी एक विचारतो: मॉइश्चरायझरची बाटली तुम्हाला किती दिवस पुरते? दोन महिने पुरत असेल तर ते लावलं न लावल्यासारखंच आहे. आम्हाला डॉक्टरांनी पाव किलोचा डबा लिहून दिला आणि म्हणाले, हा आठवड्यात संपला पाहिजे. बायकोला वाटलं महिना म्हणायचं असेल. तर नाही, आठवडाच!

लावायची पद्धतही त्यांनीच दाखवली. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची, पाणी कोमट. टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, बाथरूममध्येच मॉइश्चरायझर लावून मोकळं व्हायचं. बाहेर येऊन कपडे शोधत बसलं की तेवढ्यात कातडी सुकते. ते चोळून जिरवायचं नाही. लव ज्या दिशेला असते त्या दिशेने वरून खाली हात फिरवायचा, वर हलका थर राहू द्यायचा. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. डब्यात बोटं न घालता चमच्याने काढायचं, म्हणजे हातावरचे जंतू डब्यात जात नाहीत.

ओंजळ (पुणे)
पळसफूल, आठवड्याला पाव किलो? आमच्या घरात तेवढं तूपही संपत नाही :)

निशिगंध
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण पळसफूल यांचा आकडा बरोबर आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही लहान मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असंच दिलंय. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब घेतात, चेहऱ्याला आणि चट्ट्यांना पुरवून पुरवून लावतात आणि महिन्याने म्हणतात, गुण नाही.

एवढं का लागतं? कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं. इसब होणाऱ्यांमध्ये हा चुनाच कमी पडतो. अनेकांमध्ये फिलाग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं. त्याच्या जनुकातल्या दोषाचा इसबाशी असलेला संबंध २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवला. फटीतून आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरून साबण, धूळ, जंतू आत शिरतात. खाज येते, खाजवल्याने फटी आणखी वाढतात. मॉइश्चरायझर त्या फटी बुजवतं, पण काही तासांपुरतंच. म्हणून दिवसातून दोनदा तरी हवं, आणि चट्टे नसलेल्या भागालाही हवं.

रानजाई, "भडकला की" म्हणजे लाल झाला की, असं समजत असाल तर एक सांगते. आपल्या सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही. चट्टा काळपट, करडा किंवा जांभळट दिसतो. कधी नुसत्या बारीक पुटकुळ्या असतात. डोळ्यांपेक्षा तळव्यावर भरवसा ठेवा: हात फिरवल्यावर खरखर लागली की समजायचं.

रानजाई (नाशिक)
अगदी अस्संच आहे! मी लाल होण्याची वाट बघत बसते. आणि स्टेरॉइडचं मलम हातात घेतलं की भीतीच वाटते, त्यामुळे टिकलीएवढंच लावलं जातं.

निशिगंध
मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ती साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला तेवढी पुरते. हे मापच आहे, "बोटाच्या पेराएवढं" असंच आम्ही सांगतो. डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीचं मलम, सांगितलेले दिवस, या मापाने लावलं तर घाबरायचं कारण नाही. भीतभीत थोडं थोडं लावलं की चट्टा पुरता जातही नाही आणि मलमही महिनोन्महिने चालू राहतं. स्टेरॉइडचं मलम आणि मॉइश्चरायझर यांच्यात मात्र पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर एकाने दुसरं पातळ होतं.

घाबरायचं ते दुकानातून मनाने आणलेल्या ट्यूबला.

वाळवंटी_पाऊस (सोलापूर)
त्या ट्यूबबद्दल मी लिहितो. माझ्या भावाला मांडीत खाज होती. औषधाच्या दुकानदाराने "हे लावा, सगळ्यावर चालतं" म्हणून तीन औषधं एकत्र असलेलं मलम दिलं. आठवड्यात खाज गायब. बंद केलं की दुप्पट परत. वर्षभर हेच चाललं. शेवटी कळलं की तो नायटा होता, इसब नव्हतंच. त्या मलमातल्या जोरदार स्टेरॉइडने नायटा आतल्या आत फोफावला आणि मांडीवर पांढऱ्या रेषा उठल्या, त्या आता जायच्या नाहीत. चिठ्ठीशिवाय असली मलमं विकायला बंदी आहे म्हणे, पण मागतो आपण आणि देतात तेही. इसब, नायटा, खरूज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हो. खरूज घरातल्या सगळ्यांना एकदम होते, नायटा कडेकडेने गोल पसरतो. घरी अंदाज बांधू नका.

आजोळचं_अंगण (वाई)
मुली, मी सत्तरीची आजी आहे. तुझ्या सासूबाईंच्या बाजूने बोलणार होते, पण निशिगंध यांचं वाचून थोडं थांबले. आमच्याकडे अशा कातडीला शतधौत घृत लावायचे. तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यायचं, त्यात गार पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, नवीन घालायचं. असं शंभर वेळा. तूप हळूहळू पांढरंशुभ्र होतं, रवाळपणा जातो, तुपाचा वास जातो आणि लोण्यापेक्षा मऊ होतं. माझ्या सासूबाईंच्या मनगटात त्याचा इतका सराव होता की गप्पा मारता मारता व्हायचं. हे लावायला चालेल का? आणि उटण्याचं काय?

निशिगंध
आजी, शतधौत घृत वाईट नाही, त्याने ओलावा धरला जातो. अडचण एवढीच की त्यात पाणी राहतं आणि टिकवायला काही नसतं, त्यामुळे घरी केलेलं लवकर खराब होतं. थोडं करा, ताजं वापरा आणि कातडी फुटून पाणी सुटलेल्या जागी लावू नका.

उटणं मात्र इसबाच्या मुलांना नको. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वर सुगंध, आणि ते सगळं रवाळ. घासलं की सुगंधही झोंबतो आणि कातडीही सोलवटते. अभ्यंगाचं तेल लावा, ओवाळा, उटण्याचं बोट कपाळाला टेकवा आणि पुढे सौम्य, बिनवासाचा क्लेन्झर वापरा. डाळीच्या पिठाचंही तेच, ते कातडी कोरडी करतं.

मोगरी (दिल्ली)
तेलाचा विषय निघालाच आहे तर: इथे शेजारणी बाळाला मोहरीचं तेल रगडायला सांगतात. माझ्या मुलीच्या अंगावर त्याने आग उठली. खोबरेल चालतं का?

निशिगंध
मोहरीचं नको, ते झोंबतं. ऑलिव्ह तेलही नको. २०१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अभ्यासात त्याने कातडीचा थर आणखी कमजोर झालेला दिसला, सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही. खोबरेलाच्या बाजूने पुरावा आहे. फिलिपाइन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे व्हर्जिन खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. २०१४ साली तिचे निकाल आले, खोबरेल सरस ठरलं. पण जास्वंद, आवळा, वासाचं असं काही घातलेलं केसांचं तेल नको, साधं शुद्ध खोबरेल. तीव्र इसबाला नुसतं तेल पुरत नाही.

सड्यावरची_वाट (मालवण)
आमच्या भिरंडेलाला कुणी विचारतच नाही! कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट गोळा असतो त्याचा. थंडीत टाचांना भेगा पडल्या की चुलीपाशी जरा पातळ करून रात्री भरायचं आणि मोजे घालून झोपायचं. सकाळी टाच मऊ. माझी आई अजून बाजारातून गोळे आणते.

निशिगंध
टाचांना, कोपरांना उत्तम. लहान मुलाच्या घडीतल्या चट्ट्यांवर घट्ट गोळा घासायला लागतो, तेवढं टाळा.

ओंजळ (पुणे)
आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, बादलीवर पांढरा थर जमतो. मी पाणी मृदू करायचं यंत्र घ्यायच्या विचारात आहे. आणि आंघोळीच्या पाण्यात घालायचं महागडं तेल मिळतं ते?

कातळखोदचित्र (लंडन)
दोन्हीचे पैसे वाचवा. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतं हे खरं, म्हणून इथे इंग्लंडमध्ये ३३६ मुलांच्या घरी यंत्र बसवून पाहिलं, २०११ साली निकाल आला: इसबात फरक नाही. आंघोळीच्या तेलांवरचा अभ्यास २०१८ चा, ४८२ मुलं, तिथेही फायदा दिसला नाही. शिवाय टबमध्ये घसरायची भीती. आणखी एक, २०२२ चा: लोशन, क्रीम, जेल, मलम अशी चार प्रकारची मॉइश्चरायझर ५५० मुलांना देऊन पाहिली. चारही सारखीच. म्हणजे जे परवडतं आणि मूल लावू देतं, ते चांगलं.

चिंचेचं_पान
एवढी चर्चा झाली, पण दुधाचं कुणी बोललं नाही. आयुर्वेदात विरुद्ध आहार सांगितलाय, मासे आणि दूध एकत्र खाल्लं की त्वचारोग होतात. पुतण्याचं दूध बंद केल्यावर खरंच कमी झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पळसफूल (अकोला)
कोणत्या महिन्यात बंद केलं होतं? आमच्याकडे मार्चमध्ये जे बंद करावं त्याने गुण यायचा, कारण थंडीच संपलेली असायची. एका वर्षी वांगं, एका वर्षी टोमॅटो. दोघंही निर्दोष निघाले.

चिंचेचं_पान
होळीच्या आसपासच असेल. पण म्हणून काही मुलांना दूध सोसत नाही हे खोटं ठरत नाही.

ताटवाटी (ठाणे)
मी आहारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं लहान मुलांबरोबर काम करतेय. चिंचेचं_पान, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे. काही मुलांना, विशेषतः तान्हेपणी तीव्र इसब असलेल्यांना, दूध किंवा अंड्याची खरी ॲलर्जी असते. पण ती ओळखायची खूण वेगळी असते. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते. असं घडत असेल तर तातडीने डॉक्टर गाठा. असं काही नसताना "ॲलर्जी पॅनेल" म्हणून रक्ताच्या ढीगभर तपासण्या करू नका. इसबाच्या मुलांत त्या तपासण्या नाहक पॉझिटिव्ह येतात आणि पालक त्या कागदावरून दहा पदार्थ बंद करतात.

मनाने बंद करण्यात दुसराही धोका आहे. जे मूल आजवर दूध-अंडं निवांत खात होतं, त्याचं ते दीर्घकाळ बंद ठेवलं की शरीराची सवय मोडू शकते आणि पुन्हा दिल्यावर खरीखुरी, जोराची ॲलर्जी उठू शकते. शेंगदाण्याचं उदाहरण घ्या. लंडनच्या 'लीप' अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत वर्ज्य. २०१५ साली निकाल आला, खाणाऱ्यांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी! आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट कशात नसतं? तीव्र इसबाच्या तान्ह्या बाळाला मात्र पहिल्यांदा डॉक्टरांना विचारूनच द्या.

आता रानजाईंच्या लेकीचं. वजन वाढत नाहीये ही मला चट्ट्यांपेक्षा जास्त काळजीची गोष्ट वाटते. रात्रभर खाजवणाऱ्या मुलाची झोप मोडते, भूक मरते, त्यात आपण ताटातलं काढून घेतोय. फुटलेली कातडी भरून यायला प्रथिनं लागतात, जस्त लागतं, लोह लागतं. दूध, दही, अंडं, डाळी, नाचणी, तीळ, जवसाची चटणी, खात असाल तर बांगडा, हे सगळं तिला हवंय. यातलं काहीही इसब "बरं" करत नाही, तसं करणारा एकही पदार्थ नाही. पण उपाशी कातडी लवकर सांधत नाही.

आंबट फळांचा रस ओठांभोवती लागला की झोंबतं, टोमॅटोनेही तसं होतं. ते वरून चुरचुरणं आहे, ॲलर्जी नाही. जेवायच्या आधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा आणि खुशाल संत्रं द्या.

बर्फातली_पायवाट (एडमंटन)
पुरवण्यांबद्दल विचारू का? इथे हिवाळ्यात घरात हीटर चोवीस तास, हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. मुलाला ड जीवनसत्त्व चालू आहे. एका मैत्रिणीने ईव्हनिंग प्रिमरोझच्या तेलाच्या गोळ्या सुचवल्या आहेत.

ताटवाटी (ठाणे)
प्रिमरोझचे पैसे वाचवा. २०१३ साली 'कॉक्रेन' या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले, दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा जास्त फायदा नाही. प्रोबायोटिकचंही जवळपास तेच. ड जीवनसत्त्वाचं चित्र थोडं बरं आहे. मंगोलियात, उलानबातरच्या हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यात, थंडीत इसब वाढणाऱ्या मुलांना महिनाभर रोज १००० युनिट दिल्यावर सुधारणा जास्त दिसली होती. पण तिथे हिवाळ्यात ड जीवनसत्त्व बनण्याइतकं ऊन अंगाला मिळत नाही. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या मापाने द्या. भरपूर पाणी प्यायल्याने कातडी ओली राहते हाही समजच आहे, तहानेइतकं प्या.

शेवंती_वेणी (सांगली)
जरा वेगळं विचारते. माझ्या मुलाच्या गालांवर फिकट पांढरे डाग आहेत. सगळे म्हणतात जंत झालेत, नाहीतर कॅल्शियम कमी आहे. जंताचं औषध देऊन झालं, डाग तिथेच.

निशिगंध
बहुतेक वेळा ते कोरड्या कातडीचेच डाग असतात, पिटिरियासिस आल्बा म्हणतात. जंतांचा आणि कॅल्शियमचा संबंध नाही. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून जपणं, हळूहळू भरून येतात. एकदा दाखवून घ्या, म्हणजे दुसरं काही नाही याची खात्री होईल.

हातखंडा (कोल्हापूर)
मोठ्यांच्या हातांचंही लिहा कुणीतरी. माझी खानावळ आहे. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं सोलून भेगा. उजवा हात स्वच्छ! डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "लसूण तुम्हीच सोलता का?" पाकळी डाव्या हातात धरतो आपण, सुरी उजव्यात. आता सोलायला माणूस आहे. भांड्यांसाठी आत सुती मोजे आणि वर रबरी, सिंकपाशी मलमाचा डबा. बोटांवर पुन्हा ठसे दिसायला लागलेत.

वाळवंटी_पाऊस (सोलापूर)
शेतकऱ्यांसाठी यात गाजरगवतही जोडा. १९५०च्या दशकात ते आधी पुण्यात नोंदलं गेलं, मग देशभर पसरलं. त्याच्या संपर्काने पापण्या, मान, कोपरांच्या घड्या, उघड्या भागावरची कातडी जाड आणि काळी पडते. लोक इसब म्हणून वर्षानुवर्षं मलमं लावतात आणि गवत बांधावर तसंच डोलत असतं.

आजोळचं_अंगण (वाई)
एवढी मलमं लावलेल्या पोरी निरांजनाजवळ जातात, त्याचं काय गं?

निशिगंध
आजी, फार मोलाचं बोललात. मलम कपड्यांत, चादरीत मुरतं आणि असा कपडा पेटला तर भराभर जळतो. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ साली हा इशारा पॅराफिन नसलेल्या मॉइश्चरायझरनाही लागू केला. गॅस, पणत्या, फुलबाज्या यांच्यापासून अशा मुलांना लांब ठेवा आणि कपडे-चादरी वरचेवर धुवा. धुतल्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही.

रानजाई (नाशिक)
धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं. हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. आजींचं शतधौत घृताचं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांनी खाण्याचा सगळा इतिहास विचारला, गांधी-उलटी असं कधीच झालेलं नाही म्हटल्यावर दूध, अंडं, गहू, दही सगळं परत सुरू करायला सांगितलं. आईला फोनवर पटवायला वेळ लागला, पण वजनाचा कागद पाठवल्यावर ती गप्प झाली.

मॉइश्चरायझर लावायचं काम आता सासूबाईंनी घेतलंय. रात्री लेक त्यांच्या मांडीवर पाय टाकून पडते आणि त्या वरून खाली, लवेच्या दिशेने, सावकाश हात फिरवतात. पाव किलोचा डबा आठवड्याला संपतो. चट्टे पूर्ण गेलेले नाहीत, थंडीही अजून आहे. पण रात्रीची झोप लागतेय आणि काल तिने स्वतःहून दुसरी पोळी मागितली.

एक अडचण उरलीये. शाळेत दुपारी लावायला कोणी नाही आणि गणवेशाचा लोकरी स्वेटर टोचतो.

पळसफूल (अकोला)
स्वेटरच्या आत पूर्ण बाह्यांची सुती बंडी घाला, उलटी करून. शिवण बाहेर राहिली की टोचत नाही. मॉइश्चरायझर छोट्या डबीत द्या आणि वर्गशिक्षिकांना चिठ्ठीत दोन गोष्टी लिहा: हे संसर्गजन्य नाही, आणि "खाजवू नकोस" असं ओरडू नका. ओरडल्याने खाज थांबत नाही, मूल फक्त बाकाखाली हात लपवून खाजवतं. हातांना लावायला साडेचार वर्षांची पोर स्वतः शिकते, आमचा शिकला होता.

रानजाई (नाशिक)
उलटी बंडी! उद्याच करते. चिठ्ठीही लिहिते.